दुसऱ्या वेताची

दौंड सोडून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो आणि नगरच्या वाटेवर थोड्याच अंतरावर काष्टी येते. एरवी हे ऊस, कांदा आणि लिंबाचं गाव. शनिवारी मात्र ते जनावरांचं होतं. पहाटेपासून पिकअप आणि टेम्पो लागायला लागतात, फळ्या टाकून गायी-म्हशी उतरवल्या जातात, शिंगांना हिंगूळ लावलेले बैल दावणीला उभे राहतात. शेणाचा, कडब्याचा आणि चहाच्या गाड्यांवरच्या आल्याचा वास एकमेकांत मिसळतो. आणि कुठल्याही गायीपुढे माणूस थांबला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाव्हणं, कितव्या वेताची?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पहिलारू कालवड देखणी असते, अंगावर तेज असतं, पण तिचं दूध अजून कुणी पाहिलेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गायीची कास हाताखालून गेलेली असते. सड चारही चालू आहेत का, धारेला उभी राहते का, लाथ मारते का, हे सगळं कुणाला तरी माहीत असतं. दूधही तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत वाढत जातं, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून जाणता गिऱ्हाईक या गायीपुढे जास्त वेळ रेंगाळतो. बैलाचंही तसंच. खालचा ओठ ओढून दात बघायचे: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. चार-सहा दाती बैल औताला, गाडीला जुंपून झालेला असतो, त्याला वळणं शिकवावी लागत नाहीत. एका घरी वापरून झालेलं म्हणून किंमत कमी, हा हिशेब इथे सरसकट चालत नाही. वापर हीच इथे पारख असते.

जनावर म्हणजे वस्तू नव्हे. त्याला जीव आहे, आणि निरोप देताना घरातल्या बायका त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावतात ते काही उगीच नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांत अजूनही विकलेल्या गायीचं दावं सोडून परत घरी नेतात, गोठा रिकामा होऊ नये म्हणून. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. तरीही या बाजारानं आमच्या भागाला जी नजर दिली ती जनावरांपुरती थांबली नाही. हिनं किती काम केलंय, किती बाकी आहे, खोड कुठली, आणि ती खोड सांभाळून घेता येईल का, हे चार प्रश्न काष्टीच्या बाजाराला येणारा शेतकरी जुन्या पंपाला विचारतो, जुन्या ट्रॅक्टरला विचारतो, जुन्या सायकललाही विचारतो. उपरण्याखाली बोटं दाबून भाव करणारे जुने हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, खोड लपवतातही, ते काही नवीन नाही. पण पुढच्या शनिवारी त्याच माणसाला त्याच बाजारतळावर तोंड दाखवायचं असतं, म्हणून लपवण्यालाही मर्यादा पडते.

बाजारतळाच्या कडेला घिसाड्यांची पालं पडतात. मला बाजारातला सगळ्यात महत्त्वाचा कोपरा हाच वाटतो. जमिनीत रोवलेली ऐरण, हातानं फिरवायचा भाता, आणि शेजारी ट्रकच्या पाट्यांचे तुकडे रचून ठेवलेले. ट्रकच्या चाकांवर बसवलेले हे पोलादी पाटे लाखो खड्ड्यांतून वाकून परत सरळ होतात, आणि एक दिवस तडकतात. तडकलेला पाटा ट्रकवाल्याच्या उपयोगाचा नाही. पण साध्या लोखंडी पट्टीपेक्षा त्यात कार्बन जास्त असतो, त्यामुळे तापवून, ठोकून, पाणी पाजलं की तो धार धरतो आणि ती टिकवतो. घिसाडी सांडशीत लाल तुकडा धरतो आणि बहुतेक वेळा घण त्याची बायको मारते. एक घाव इकडे, एक तिकडे, दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. पात्याला कोयत्याचा आकार आला की नवरा तो पुन्हा भट्टीत धरतो, रंग बघतो, आणि नेमक्या क्षणी पाण्यात बुडवतो. जास्त तापलं तर पातं ठिसूळ होतं, कमी तापलं तर धार मुडपते. त्या रंगाचं मोजमाप कुठल्या यंत्रावर नाही, त्याच्या डोळ्यांत आहे.

हाच कोयता पुढे उसाच्या फडात जातो. दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात आणि श्रीगोंद्याच्या कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. ज्या टायरगाडीतून ऊस कारखान्यावर पोचतो, तिचीही गोष्ट निराळी नाही. लाकडी चाकांची गाडी गेली आणि मोटारगाडीची चाकं, टायर लावलेली गाडी आली, तेव्हा बैलांचा भार हलका झाला. ते टायर गुळगुळीत झाले की गोठ्यात पाण्याची कुंडी होतात, विहिरीच्या कडेला धक्के खायला बसवले जातात, एखाद्याच्या वहाणेचा तळ होतात.

पण पोलादापेक्षाही आमच्या भागात जास्त वेळा पुन्हा जन्माला येते ती विजेची मोटार. घोड धरणाचं पाणी कालव्यानं आलं, विहिरी झाल्या, बोअर झाले, तशा मोटारी आल्या. आणि वीज अशी की तीनपैकी एक फेज मधेच जातो, दाब खाली येतो. दोन फेजवर मोटार धावायला लागली की कॉइल तापते, आणि रात्रीच्या पाळीत कुणी जवळ नसेल तर सकाळी शेतात जळक्या वार्निशचा वास येतो. मग ती मोटार मोटारसायकलच्या मागे दोरीनं बांधून रिवाइंडिंगच्या दुकानात भरायला येते. काष्टी, श्रीगोंदा, दौंड, कुठल्याही बाजारगावी अशी दुकानं आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या दारात मोटारींची रांग लागते.

मी अशा एका दुकानात बसून काम पाहिलं आहे. विहिरीवरची साधी मोटार होती. कारागीर आधी जुनी जळकी तार छिन्नीनं कापून काढतो. खाचा घासून स्वच्छ करतो, प्रत्येक खाचेत जाड कागद बसवतो, मग लाकडी फर्म्यावर नवी तांब्याची तार मोजून गुंडाळतो. वेढे कमी पडले तर मोटार तापणार, जास्त झाले तर ताकद देणार नाही. कॉइली खाचांत बसवायच्या, टोकं जोडायची, सुतळीनं आवळून बांधायच्या, वार्निश पाजायचं आणि भाजायचं. काम चालू असताना बाहेर उभा असलेला शेतकरी दर थोड्या वेळानं विचारतो, "भाऊ, संध्याकाळपर्यंत होईल ना? कांद्याला पाणी तुटलंय." कारागीर वर न बघता म्हणतो, "तात्या, वार्निश वाळू द्या. घाईनं नेलं तर परवा परत याल." निघालेलं जळकं तांबं वजन करून बिलातून वळतं केलं जातं. ते तांबं वितळून पुन्हा कुठेतरी तार होणार असतं. म्हणजे एका मोटारीचं बिडाचं अंग वर्षानुवर्षं तेच, आणि आतलं काळीज दर दोन-चार हंगामांनी नवं. दारातल्या कितीतरी मोटारी मूळ घेणाऱ्याच्या नसतात. कुणी जास्त अश्वशक्तीची घेतली, कुणी बोअरकडे वळला, कुणाची विहीर आटली, तशा त्या एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर गेलेल्या असतात. आणि घेणारा येऊन विचारतो तेही बाजारातल्यासारखंच: कितीदा भरलीय? कुणी भरली?

या 'कुणी भरली' मध्ये माझ्या मते सगळं आहे. वस्तू जुनी की नवी, यापेक्षा तिला शेवटचा हात कुणाचा लागला हे इथे जास्त मोलाचं असतं. कारागिराचं नाव चांगलं असेल तर जुनी मोटार बिनघोर घेतली जाते. कचरा कमी करायचा म्हणून आपण टाकणाऱ्याला उपदेश करतो, घेणाऱ्याला आवाहन करतो. पण या दोघांच्या मधे जो दुरुस्त करणारा बसलेला असतो, तो उठून गेला की वस्तू फिरायची थांबते. मला पटलेली गोष्ट एवढीच आहे, आणि ती मी जिथे जिथे बघतो तिथे मला पुन्हा पुन्हा दिसते.

घरातल्या कापडाकडे बघा. बाळ जन्मलं की त्याला कोरं कापड घालत नाहीत. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची बाळोती होतात, दुपटी होतात. नव्या कापडाची खळ त्या कातडीला टोचते. मग घरातल्या, भावकीतल्या बाळंतिणींमध्ये पाळणा, अंगडी-टोपडी फिरतात, एकाच पाळण्याच्या दांडीला कितीतरी पोरांनी दात लावलेले असतात. जुनी लुगडी, धोतरं, सदरे यांच्या घड्या एकावर एक अंथरून गोधडी होते. गोधडी शिवणारी मावशी कडेनं धावदोरा घालायला घेते आणि चौकटीच्या आत चौकट घालत मध्याकडे जाते. टाका लहान असेल तर गोधडी धुवून धुवून फाटत नाही, चिंध्या आत गोळा होत नाहीत. चांगली गोधडी म्हणजे अनेक दिवसांची मान आणि पाठ. आणि तिच्या मजुरीवर मात्र घासाघीस होते. "कापड तर आमचंच आहे की," असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. कापड तुमचं होतं तेव्हा ती चिंधी होती.

भांड्यांचंही एक तंत्र होतं. घरोघरच्या पितळी पराती, हंडे, तांबे यांच्यावर छोट्या छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घातलेली असत. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या लग्नात, कधी. हे मिरवण्यासाठी नव्हतं, निदान तेवढ्यासाठी नव्हतं. लग्नकार्यात भांडी आळीभर फिरायची आणि नाव वाचून ज्याची त्याच्या घरी परत जायची. मोठी पातेली, झारे, कढया तर देवळात किंवा तालमीत गावकीच्या असायच्या. वर्षातून दोन दिवस लागणारा हंडा प्रत्येकानं घेऊन माळ्यावर टाकायचा, हे कुणाला सुचलंही नसतं. कल्हईवाला यायचा तो गावाच्या भांड्यांना कल्हई करून जायचा. आता मंडपवाल्याकडून भांडी भाड्यानं येतात, तेही एक प्रकारचं वाटून वापरणंच आहे. पंगतीतली पळसाची पत्रावळ जाऊन थर्माकोल आला, आणि 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. तरी मला आनंद होतो तो सप्ताहाच्या पंगतीला घरून ताट-वाटी घेऊन येणारी माणसं बघून. कित्येक गावांत ही रीत अजून आहे. पंगत उठते आणि मागे उकिरडा राहत नाही.

शहरातली साडी आमच्याकडे कशी येते तेही सांगण्यासारखं आहे. पुण्या-मुंबईत बोहारणी दारोदार फिरून भांड्यावर कपडे घेतात. दारात बसून साडीची घडी उलगडून उजेडात धरायची, विरलेली जागा बोटानं दाखवायची आणि मग पातेल्याचा आकार ठरवायचा, ही त्यांची पद्धत. ते कपडे निवडले जातात, काही धुऊन-शिवून पुन्हा अंगावर घालण्यासाठी विकले जातात. ज्या साड्या अंगावर घालण्याजोग्या नसतात त्यांचे गठ्ठे डाळिंबवाल्यांकडे पोचतात. उन्हाळ्यात डाळिंबाचं फळ भाजतं, त्यावर डाग पडतात आणि भाव कोसळतो. म्हणून शेतकरी ओळीच्या ओळी साड्यांनी झाकतात. हिरव्या बागेवर शेकडो जुन्या साड्या पसरलेल्या दिसतात, जरीचा काठ उन्हात चमकत असतो. काही साड्या शेताच्या कडेनं बांधल्या जातात, रानडुकरं बिचकावीत म्हणून. शेवटी फाटली की पीळ देऊन दोर होतो. या साखळीत जिचं नाव कुणी घेत नाही ती बोहारीण आहे. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी उभी राहिली, तेव्हा कचरावेचक बायांना ओळखपत्र मिळालं, त्यांचं काम काम म्हणून मोजलं जाऊ लागलं. जुन्या कपड्यांचं ओझं डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईलाही तोच मान मिळायला हवा.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. ऊसतोडीच्या टोळीची कोपी बघितली आहे का? बांबू वाकवून त्यावर खताच्या गोण्या, जुन्या साड्या, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. थंडीच्या महिन्यांत लहान पोरं त्यात झोपतात. याला पुनर्वापर म्हणून नावाजणं मला सहन होत नाही. ती माणसं पृथ्वी वाचवायला तिथे राहत नाहीत. त्यांना नवी ताडपत्री, पक्की खोली, पाणी, संडास हवा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. जुनं वापरणं हे गुणाचं तेव्हाच, जेव्हा नवं घेण्याची ऐपत असताना माणूस जुनं निवडतो, किंवा जुनं त्याला तेवढीच चांगली सेवा देतं.

दान म्हणून दिलेल्या जुन्या कपड्यांचंही असंच. कुठे पूर आला की ट्रक भरभरून कपडे जातात, आणि त्यात चेन तुटलेल्या पँटी, डाग पडलेले परकर असतात. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत 'गूंज' सुरू केली. पुढे या संस्थेनं रीत अशी घातली की गावानं स्वतःच्या गरजेचं काम करावं, विहीर खोदावी, पूल बांधावा, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे, साहित्य घ्यावं. कपडे आधी निवडले, दुरुस्त केले जातात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. 2015 मध्ये गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यात काष्टीच्या बाजाराचीच रीत दिसते. इथे कुणी कुणाला जुनी गाय दान करत नाही. बघून, हाताळून, मोल ठरवून घेतो, आणि घेतलेल्या गोष्टीचा माणूस सांभाळ करतो.

पश्चिमेकडचे टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी जिथे उतरतात ते घानाच्या अक्रा शहरातलं कांतामांतो मार्केट. तिथले हजारो शिंपी, रंगारी, इस्त्रीवाले त्या कपड्यांना पुन्हा उभं करतात. 2025 च्या सुरुवातीलाच आगीत त्या बाजाराचा मोठा भाग जळाला. गठ्ठे पाठवणाऱ्या देशांत त्याची बातमी किती पोचली असेल? जगभरचे कपडे अंगावर घेण्याजोगे करणारे हात त्या रात्री उघड्यावर आले. त्याच पश्चिमेत 2009 मध्ये मार्टीन पोस्टमा या बाईंनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुरुस्तीचा कट्टा सुरू केला, जिथे शेजारीपाजारी बसून एकमेकांचे टोस्टर, दिवे, सायकली नीट करतात, आणि तो प्रकार अनेक देशांत पसरला. त्यांना हे नव्यानं उभं करावं लागलं, कारण त्यांच्याकडचे दुरुस्तीवाले संपले होते. आमच्याकडचे अजून संपलेले नाहीत. पण कमी होत आहेत, हे मी डोळ्यांनी बघतो. कल्हईवाल्याची हाक ऐकू येत नाही. मिक्सर, मोबाइल अशा रीतीनं बंद केलेले येतात की उघडायचे कुठून हेच कळत नाही, बॅटरी डिंकानं चिकटवलेली. केंद्र सरकारनं 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी म्हणून. चांगलं पाऊल आहे. काष्टीच्या मोबाइलवाल्या पोरापर्यंत तो सुटा भाग रास्त किमतीत पोचला पाहिजे, तेव्हा ते खरं.

2022 मध्येच गुरांमध्ये लम्पीची साथ आली आणि राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. त्याआधी करोनात झाले होतेच. बंद बाजारतळ बघितलेल्याला कळतं की नुसती गुरांची खरेदी-विक्री थांबत नाही. दोर विकणारे, टेम्पोवाले, चहावाले, घिसाडी, सगळ्यांचा शनिवार जातो. कुणाला दुसऱ्या वेताची गाय हवी असते, कुणाला ती द्यायची असते, पण दोघं भेटायची जागाच उरत नाही.

म्हणून माझं मागणं बाजारतळापुरतं आणि साधं आहे. घिसाडी उन्हात बसतो. भट्टी पेटलेली आणि डोक्यावर चैत्राचं ऊन, शेजारी त्याचं लेकरू गोणीवर झोपलेलं. त्या कडेला चार खांब रोवून पत्रे टाकावेत, पाण्याचा एक नळ द्यावा, ओटा बांधावा. घिसाड्याच्या शेजारी वहाणा शिवणारा बसेल, गोधडीवाली मावशी नमुने मांडेल, छत्र्या-स्टोव्ह-मिक्सर नीट करणारा बसेल, जुनी अवजारं, पंप विकायला आणणाऱ्याला जागा मिळेल. जागेची पावती रास्त असावी आणि ज्याला त्याला आपली जागा ठरलेली असावी, म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी त्यालाच शोधत येईल. खर्च फार नाही. आणि हे मृग लागायच्या आधी झालं तर बरं, कारण पेरणीच्या तोंडावर सगळ्या तालुक्याच्या कुळवांच्या फासा, खुरपी आणि विळे एकदमच दुरुस्तीला येतात.